सरांच्या बैठकीतला समुद्र

माझ्या मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर एक लोखंडी तार होती. खाली लाकडी ठोकळा, वर टोक. गिऱ्हाइकं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या विसरून जात, त्या मी तिच्यात खोचत राहायचो. तार भरली की सगळ्या काढून चुलीत घालायच्या. पण काढताना एखादी वाचली जायचीच, अन् मग ती दुपार गेलीच समजा. सोमकुंवर सरांच्या घरचे किस्से माझ्याजवळ असेच साचून आहेत. कोणी विचारत नाही, मी सांगत नाही. आज तुम्ही बसलेच आहात तर ऐका. हसू आलं तिथं हसा, माझी ना नाही. पण शेवटी तोंड पाडून घरी गेलात तर मला बोल लावू नका.

सर आमच्या पांढुर्ण्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. ऐंशीच्या पुढची ती तीन-चार वर्षं. संध्याकाळी सहा वाजता त्यांच्या बैठकीत आम्ही तिघं जमायचो: सर, मी, अन् जाम नदीच्या पल्याड सावरगावात संत्र्याचा बगीचा असलेले उकंडराव. सर अन् उकंडराव चौथीपर्यंत एका टाटपट्टीवर बसलेले. मी दोघांपेक्षा लहान, पण औषधं विकतो म्हणून मला केमिस्ट्री समजते असा सरांचा गैरसमज होता.

काकू, म्हणजे सरांच्या घरच्या, रोज सकाळी तांब्याचा गुंड चिंचेनं घासून लख्ख करायच्या अन् भरून आतल्या दाराशी तिवईवर ठेवायच्या. प्यायचं पाणी त्यातलं, चहा त्यातल्या पाण्याचा. सरांचं घर बौद्धांचं अन् उकंडराव कुणब्यांचे. सावरगावात काही जणांच्या पोटात दुखायचं. एकानं पानठेल्यावर चारचौघांत विचारलंच, की तू म्हणे त्या घरी चहा पितो. उकंडराव म्हणाले, "एक नाई, दोन कप पेतो. वैनी साखर बरोबर टाकतात. तुह्या घरच्यासारखा काढा नसते तो."

*

सरांचा एकुलता एक मुलगा मिलिंद. माशांचं शिक्षण घेतलं अन् दक्षिणेकडं समुद्रकाठी नोकरीला लागला. पांढुर्ण्याच्या पोरानं समुद्रात नोकरी करायची, यावरच आम्ही एक वर्ष हसलो. त्या दिवाळीला तो मद्रासहून येणाऱ्या गाडीनं आला. सोबत प्लास्टिकचे चार कॅन अन् एक बर्फाचा डबा. टीसीनं विचारलं, "इसमें क्या है?" मिलिंद म्हणाला, "समुंदर." टीसीनं डब्यात डोकावून पाहिलं अन् म्हणाला, "पांढुर्णा उतरेगा? फिर ठीक है, वहाँ कमी है."

काचेची टाकी त्यानं नागपूरहून आणली. बैठकीत, खिडकीपासून लांब, टेबलावर समुद्र मांडला. खाली ओबडधोबड दगड. मिलिंद म्हणे ते पोवळ्याचे आहेत अन् त्यांच्यावर जीव आहेत. मधोमध बोटांएवढ्या पाकळ्यांचं एक समुद्रफूल. ते फूल नव्हतं, प्राणी होता. अन् त्याच्या पाकळ्यांत शिरून बसणारे दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. उकंडरावांनी नाक काचेला लावलं अन् म्हणाले, "अरे, हा तर आंबिया बहाराच्या संत्र्याचा रंग हाय."

मिलिंद आठ दिवस राहिला. जाताना बापाला म्हणाला, "बाबा, मासे सांभाळायचे नसतात. पाणी सांभाळायचं. पाणी बरोबर असलं की बाकीचे आपापले राहतात." अन् इंग्रजीत दोन पानांची चिठ्ठी लिहून दिली. पाण्यात काय किती, कसं तपासायचं, सगळं. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. तांबं कणभरही जाऊ देऊ नका, समुद्रफूल अन् पोवळी मरतील. सरांनी ती चिठ्ठी आम्हाला वाचून दाखवली. बैठकीतला पितळी दिवा अन् तांब्याची फुलदाणी त्याच दिवशी कॉलेजात नेऊन ठेवली. काकू तेव्हा आत मिलिंदच्या डब्याच्या पोळ्या करून राहिल्या होत्या.

*

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तार आली.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे गोटमार. नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, अन् मधे दोघांनी एकमेकांवर भिरकावलेले दगड. माझ्या दुकानात त्या दिवशी कापूस, पट्टी अन् टिंक्चर सोडून काही विकलं जात नाही. पोस्टमनला सरांच्या गल्लीत जाता येईना, म्हणून त्यानं तार माझ्या हातात दिली. उघडी होती, इंग्रजीत होती, तीन ओळी. बोट उलटली होती. मिलिंद सापडला नव्हता.

तेवढ्यात उकंडराव आले, कपाळ फुटलेलं, टिंक्चर पाहिजे होतं. मी त्यांना तार वाचून दाखवली. ते टिंक्चर विसरले. तसंच रक्त गळत आम्ही सरांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. त्यांचं लक्ष उकंडरावांच्या कपाळाकडं गेलं अन् त्या धावतच हळद घेऊन आल्या. "भाऊजी, या वयात कायले जाता दगड खायाले," म्हणत त्यांनी जखमेवर हळद दाबून धरली. अन् त्या हळद दाबून उभ्या असतानाच मी सरांच्या हातात तार दिली.

उकंडराव मला नंतर म्हणाले, की वैनींचा हात कपाळावर होता अन् मला माहीत होतं, अन् मी गप होतो. हे त्यांना आयुष्यभर लागून राहिलं.

मिलिंद सापडलाच नाही. त्यानंतर काकूंनी बैठकीत पाय ठेवला नाही. तिथं समुद्र होता. चहा आतल्या दारातून द्यायच्या, कप सर घ्यायचे. त्या घरात मिलिंदचं नाव काकूंसमोर कोणी घेत नव्हतं. सर पण नाही. चिठ्ठी सरांच्या शर्टाच्या वरच्या खिशात असायची, पण काकूंना ती कधी वाचून दाखवली नाही. मी एकदा म्हटलं, सर, काकूंना दाखवा, बरं वाटेल. सर म्हणाले, "हिंमत होत नाही रे दिवाकर."

पण त्या दिवसापासून सरांना एकच काम उरलं. ते फूल जगलं पाहिजे.

*

मिलिंदनं आणलेलं पाणी जुनं झालं. नवा समुद्र इथंच कालवायचा होता. चिठ्ठीत यादी होती. साधं मीठ किराण्याकडून, खड्याचं. खाण्याचा सोडा. बाकीचं थोडं-थोडं कॉलेजच्या कपाटातून. अन् माझ्याकडून मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांच्या भाषेत जुलाबाचं मीठ.

एरवी माणूस दोन चमचे नेतो. सर किलोनं न्यायला लागले. पहिल्यांदा कोणी बोललं नाही. तिसऱ्या खेपेला काउंटरवर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं सरांकडं असं पाहिलं की मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ती सरांच्या घरी इसबगोलाची पुडी देऊन आली. म्हणाली, "पोराच्या दुःखानं आतडी आखडतात बाप्पा. हे सौम्य हाय."

सरांनी पुडी ठेवून घेतली. म्हणाले, म्हातारीचं निदान पूर्ण चुकीचं नाही.

*

मीठ किती, हे मोजायला चिठ्ठीत घनता लिहिली होती, १.०२५. ती मोजायची नळी नागपुरातही मिळेना. मग सरांच्याच डोक्यात आलं, की दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर असतो, तो याच टापूत मोजतो, १.०२५ म्हणजे त्याच्यावर पंचवीस. केंद्रावरचा शेषराव सरांचा विद्यार्थी, दोनदा नापास झालेला. पण लॅक्टोमीटर हा त्याचा जीव. हातात देईना. म्हणाला, मी स्वतः येतो.

आला. बादलीत समुद्र कालवून ठेवला होता. शेषरावनं लॅक्टोमीटर सोडला, वाकून एक डोळा मिटला, रीडिंग घेतलं. पंचवीस. सरांचा चेहरा उजळला, कितीतरी महिन्यांनी. तार आल्यापासून आम्ही तो चेहरा पाहिला नव्हता. पण शेषराव गंभीर झाला. बोट बुडवून चाटलं, थुंकला, अन् केंद्रावर रोज सांगतो त्याच आवाजात म्हणाला, "पंचवीस म्हणजे सर, याच्यात पाणी हाय."

*

पोवळ्यांना चुना लागतो. विरघळलेलं कॅल्शियम कमी झालं की ती झिजतात. सरांनी पानठेल्यावरून चुना आणला, बाटलीत कालवला, वरचं नितळ पाणी घेतलं. पण हे पाणी एकदम ओतायचं नाही, थेंब-थेंब सोडायचं. मी दुकानातून सलाइनची काचेची बाटली अन् नळी आणून दिली. खिळ्याला बाटली टांगली, नळीचं चाक फिरवून मिनिटाला वीस थेंब केले. समुद्राला सलाइन लागलं.

त्याच आठवड्यात सौंसरहून सरांचे कोणी लांबचे नातेवाईक भेटायला आले. सहा महिने होत आले तरी कोणी ना कोणी यायचंच. आत आल्यावर त्यांना आधी सलाइन दिसलं. हात जोडले अन् विचारलं, "आता कोन आजारी हाय घरात?" उकंडरावांनी टाकीत वाकून पाहिलं. फूल उघडलेलं होतं, मासे आत बसले होते. म्हणाले, "पेशंट जेवून झोपला हाय. काळजीचं कारन नाई."

पाहुणे जाईपर्यंत आम्ही हसू दाबून धरलं. ते गेल्यावर हसलो तर आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

उकंडराव दर रविवारी त्यांच्या विहिरीचं पाणी दोन बादल्या सायकलला बांधून आणायचे. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर, ते चालत नव्हतं. सर त्यात मीठ कालवायचे. दर खेपेला जुनं पाणी थोडं काढून नवं भरायचं. रोज रात्री जेवणाआधी पीएच, अमोनिया, अन् शेषरावनं शेवटी देऊन टाकलेला जुना लॅक्टोमीटर. एका वहीत लिहून ठेवायचं. पोरांच्या उत्तरपत्रिका तपासताना कंटाळणारा माणूस पाणी तपासताना कंटाळत नव्हता. मला कधी-कधी वाटायचं, फूल मेलं तर सर पण जगणार नाहीत. हे मी बोलून दाखवलं नाही, पण मला अन् उकंडरावांना, दोघांनाही ते माहीत होतं.

*

मार्च संपता-संपता ऊन पेटलं अन् एका रविवारी दुपारी लाईट गेली. हवेचा पंप बंद. पाणी गरम झालं की त्यात हवा कमी राहते, वर पंप नाही. मी दुकानाच्या सायकलचा पंप आणला, त्याला नळी बसवली अन् आम्ही आळीपाळीनं हवा मारायला लागलो. तिघंही घामाघूम. दार उघडं होतं. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं, कोणाची ट्यूब पंक्चर आहे? उकंडराव पंप न थांबवता म्हणाले, "समुद्राची."

साडेतीन तास मारला. लाईट आली तेव्हा एक मासा उलटा झाला होता.

सरांनी तो वाटीत काढला. तेव्हा मला दिसलं, आतल्या दारात काकू उभ्या होत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी बैठकीत पाहिलं. त्यांनी वाटीकडं पाहिलं, टाकीकडं पाहिलं, अन् आत निघून गेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

सरांनी टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, समोर खिडकीएवढी जागा सोडली. अन् एक नवल झालं. पाणी उडून कमी होतं म्हणून सरांनी काचेवर लाल पेन्सिलीनं खूण केली होती. रोज बोटभर पाणी कमी व्हायचं, सर डिस्टिल्ड वॉटर घालायचे. गोणपाट लावल्यापासून पाणी खुणेखाली जाईच ना. लॅक्टोमीटर रोज पंचवीस. सर परीक्षेच्या ड्यूटीवरून घरी आले की आधी खूण पाहायचे. महिनाभर हे चाललं. सरांनी आम्हाला बाष्पीभवनावर लेक्चर दिलं, फळ्यावर आकृती काढतात तशी वहीत काढली. म्हणाले, एवढं साधं गोणपाट आधी का सुचलं नाही. आम्ही माना डोलावल्या. केमिस्ट्रीच्या माणसाला आम्ही काय सांगणार.

*

एप्रिलच्या शेवटी फूल मिटायला लागलं.

आधी पाकळ्या आखडल्या. मग ते दगडावरून सुटलं. उरलेला मासा त्याच्या भोवती फिरून राहिला होता, आत शिरायला जागा नव्हती. सरांनी रात्रंदिवस तपासलं. पीएच बरोबर. अमोनिया नाही. घनता पंचवीस. सगळं बरोबर अन् फूल मरून राहिलं. चौथ्या दिवशी ते राखाडी झालं अन् वास यायला लागला. सरांनी दोन्ही हातांनी ते बाहेर काढलं. अंगणात, कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. मिलिंदला पुरायला किंवा जाळायला काही मिळालं नव्हतं, त्यामुळं आम्हा तिघांनाही तिथून हलता येईना.

रविवार होता. सर आत आले अन् म्हणाले, एक तपासायचं राहिलं. त्यांनी टाकीतलं लिटरभर पाणी बीकरमध्ये घेतलं, स्टोव्हवर आटवत ठेवलं. आटून वाटीभर झालं, मीठ खाली बसलं, ते गाळलं. परीक्षानळीत ओतून वर पोटॅशियम फेरोसायनाइडचे थेंब सोडले. नळीतला रंग फिक्या चहासारखा झाला, लालसर.

"तांबं," सर म्हणाले.

तांबं कुठून येईल? सर टाकीकडं पाहत राहिले. मग काचेवरच्या लाल खुणेकडं. मग त्यांची मान हळूहळू आतल्या दाराकडं वळली. काकू दारात उभ्या होत्या, चहाचे कप घेऊन. त्यांनी विचारलं, "कशानं मेलं ते?"

सरांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी उकंडराव बोलले. "माह्या बादलीनं, वैनी. बगीच्यात मोरचूद मारून राहिलो ना, त्याचीच बादली घेऊन आलो. धुवाचं राहून गेलं. मोरचूद म्हणजे तांबंच असते."

संत्र्याच्या झाडावर मोरचूद अन् चुना कालवून मारतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत. काकूंनी उकंडरावांकडं पाहिलं. मग तीनपैकी एक कप परत आत नेला.

*

त्या दिवसापासून काकूंनी उकंडरावांना चहा दिला नाही. भांडण नाही, शब्द नाही, फक्त कप नाही. कोणी म्हणेल, एवढंसं? पण ज्या चहापायी या माणसानं गावाशी वाकडं घेतलं होतं, तो चहा होता. मला उकंडरावांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. लेकराची शेवटची वस्तू, अन् यानं बादली धुतली नाही. महिनाभर मी पण त्यांच्याशी धड बोललो नाही. ते मात्र रोज नदी ओलांडून सहा वाजता यायचे, बसायचे, साडेसातला उठायचे.

अन् त्याच आठवड्यात सरांनी चहा सोडला. म्हणाले, ॲसिडिटी आहे. मी दुकानातून अँटासिडची बाटली आणून दिली. ती टेबलावर तशीच राहिली, झाकणसुद्धा उघडलं नाही. मी चेष्टा केली, की अख्ख्या समुद्राचा पीएच सांभाळणाऱ्या माणसाला पोटाचा सांभाळता येत नाही. सर हसले नाहीत. उकंडराव पण हसले नाहीत.

मग बैठकीत एकच कप यायचा, माझा. टाकीत एकच मासा होता. तो कोपऱ्यात काचेला टेकून राहायचा. दोन वर्षं मी त्या दोघांसमोर एकटा चहा पीत राहिलो अन् मला काही समजलं नाही. माझ्याएवढा मठ्ठ माणूस पांढुर्ण्यात नसेल.

*

आता शेवटचा.

सरांना बीपीची गोळी चालू झाली होती. एका सकाळी काकू ती न्यायला दुकानात आल्या. गर्दी नव्हती. त्या बाकावर बसल्या, अन् इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी त्या टाकीबद्दल बोलल्या. सांगू लागल्या, की तो मासा मेला त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं, माझ्या मिलिंदचं आहे अन् मी तोंड फिरवून बसली. मग हे कॉलेजात गेले की रोज दुपारी जायची. खूण खाली गेली दिसली की गडवाभर पाणी टाकायची. यांना सांगितलं नाही, कसंतरी वाटायचं.

"लय जपून टाकायची रे दिवाकर. नळाचं नाई, साधं नाई. चिंचेनं घासलेल्या गुंडातलं टाकायची, चांगलं. अन् त्या मानसानं बादली नाई धुतली."

मी गोळ्यांचं पाकीट कापून राहिलो होतो. कात्री तिथंच थांबली. गुंड तांब्याचा होता. मी वर पाहिलं तेव्हा काकू माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. मग त्यांनी गोळ्या घेतल्या अन् गेल्या.

मी शटर ओढलं अन् सायकल सावरगावला हाणली. उकंडराव बगीच्यात मोरचूद कालवून राहिले होते, मातीच्या मोठ्या रांजणात, लाकडानं. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते ढवळत राहिले.

"मले मालूम हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मास्तराचे डोळे गुंडाकडं गेले, मी पायलं." त्यांनी लाकडानं रांजणाच्या काठावर टकटक केलं. "मोरचूद आमी रांजनात कालवतो दिवाकर. लोखंडाची बादली खाऊन टाकते ते, बादलीत कोन कालवते? कोन्या बी संत्रेवाल्याले इचार. तुमी दोघं शिकलेले, तुमाले मालूम नव्हतं, बरं झालं."

मी म्हटलं, दोन वर्षं झाली. चहा नाही, बोलणं नाही. सरांनी तरी सांगायला पाहिजे होतं.

"मास्तरानं काय सांगावं? पोरगं गेलं. आता मायच्या हातानं फूल गेलं, हे बी सांगावं?" अन् मग म्हणाले, "चा मी ठेल्यावर पेऊन येतो. तू तोंड बंद ठेव."

मी तोंड बंदच ठेवलं होतं. पण सकाळी माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल, ते मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी सहाला आम्ही तिघं बैठकीत होतो. काकू चहा घेऊन आल्या. दारात थांबल्या नाहीत, आत आल्या. तार आल्यापासून पहिल्यांदा त्या आमच्यासमोर बैठकीत आल्या होत्या. हातात एकच कप. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "नको काकू. ॲसिडिटी झाली आहे."

सरांनी मान खाली घातली. काकूंच्या मागं आतलं दार उघडं होतं. गुंडाची तिवई रिकामी होती.

मग त्या वळल्या अन् कप उकंडरावांच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या भाऊजी," त्या म्हणाल्या, "गुंडातल्या पान्याचा नाई हाय."